पाहणी दोघींची

मी मत्सरी बाई नाही, असं मला निवृत्त होईपर्यंत वाटत होतं. कुही तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांमधून मास्तरकी करण्यात जन्म गेला. बरोबरीच्या बाया केंद्रप्रमुख झाल्या, कोणी शहरातल्या शाळेत बदल्या करून घेतल्या, कोणाचे पेपरात फोटो आले. मी सगळ्यांचे पेढे खाल्ले आणि घरी येऊन गाढ झोपले. मग आमच्या फिरायच्या ग्रुपमध्ये एक मॅडम आल्या आणि माझी झोप उडाली.

हा ग्रुप म्हणजे हुडकेश्वरातल्या आमच्या लेआउटमधली पेन्शनर मंडळी. रोज सकाळी बागेला चकरा मारून कंटाळलो होतो. बागेत माणूस चालतो कमी आणि आपल्या शुगरचे आकडे दुसऱ्याला सांगतो जास्त. म्हणून महिन्यातून एका रविवारी शहराबाहेर जायचं, एखाद्या खेड्यात गाडी लावायची आणि शेतांमधल्या पांदणीच्या वाटेनं, बांधांच्या धुऱ्यांवरून, तलावाच्या पाळीवरून चालून यायचं, असं ठरवलं. ठरवलं म्हणजे मी ठरवलं. बाकीच्यांनी हो म्हटलं.

खरी मजा मात्र रविवारी नसायची, गुरुवारी असायची. गुरुवारी आम्ही दोघी पाहणीला जायचो, मी आणि माझी मैत्रीण. ती पोस्टातून रिटायर झालेली, आमच्याच गल्लीतली. मी स्कूटर चालवायची, ती मागे बसायची. कुहीकडच्या निम्म्या गावांत माझे जुने विद्यार्थी आणि उरलेल्या निम्म्यांत तिचे नातेवाईक. कोणत्याही अंगणात तिनं जयभीम घातला की चहा आलाच. वाट कुठे चिखलाची आहे, सावली कुठे आहे, बायांना लघवीला जायची सोय कोणाच्या घरी होईल, कुत्री कोणत्या वळणावर अंगावर येतात, हे सगळं बघायचं. मग एखाद्या पाळीवर बसून डबा उघडायचा आणि ज्या गोष्टी घरात बोलता येत नाहीत त्या बोलायच्या. माझ्या सुनेबद्दल मी जे काही बोलले असेन, ते सगळं कुही तालुक्यातल्या तलावांच्या पाळींवर बोलले आहे.

जिथे वाट फुटते तिथे आम्ही झाडाला चिंधी बांधायचो. ही माझी युक्ती. साठी-सत्तरीची माणसं एका चालीनं चालत नाहीत. पुढचे बोलत बोलत दूर निघून जातात, मागचे गुडघे सांभाळत येतात आणि शेतात फोनला रेंज नसते. म्हणून माझ्या जुन्या सुती लुगड्यांच्या चिंध्या. चिंधी दिसली की तिकडे वळायचं, आणि सगळ्यांत शेवटी चालणाऱ्यानं ती सोडून खिशात घालायची. आणखी एक नियम होता, तोही माझाच. दोघींनी पाहिल्याशिवाय वाट धरायची नाही. एकटी बाई आपल्याला जमतं तेवढंच बघते. मला जी नाली ओलांडता येते ती दुसरीला येत नाही, हे दुसरी सोबत असली तरच कळतं.

तर त्या मॅडम. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या, नोकरीभर पुण्या-मुंबईकडे काढून आता इकडे भावाजवळ राहायला आलेल्या. केस कापलेले, बूट पांढरेशुभ्र, बोलणं असं की प्रत्येक वाक्य इस्त्री करून आणलेलं. पहिल्याच रविवारी त्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या की तुम्ही किती छान नियोजन करता. मला तेव्हाच संशय आला. जी बाई आल्या आल्या कौतुक करते तिला काहीतरी हवं असतं.

त्यांना काय हवं होतं ते पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत दिसलं. त्या माझ्या मैत्रिणीच्या बाजूला चालू लागल्या. मी पुढे वाट दाखवत असायची आणि मागून दोघींचं हसणं ऐकू यायचं. कशावर हसता म्हणून विचारलं तर मैत्रीण म्हणायची, काही नाही गं, असंच. चार वर्षं ती माझ्यासोबत हसली होती, पण असंच म्हणण्यासारखं हसणं आमच्यात नव्हतं. आम्ही कारणासाठी हसायचो. मला ते मागचं हसणं पाठीत टोचायचं.

मग थंडीच्या सुरुवातीला मला नेमकी सर्दी झाली. गुरुवारी पाहणीला जायचं होतं, कुहीच्या पलीकडच्या एका गावात. धान कापून झालं होतं आणि रिकाम्या बांध्यांमधून लाखोळीचं पीक उगवत होतं, म्हणजे चालायला याहून चांगले दिवस नाहीत. मी मैत्रिणीला फोन करून म्हटलं, आपण शनिवारी जाऊ. ती म्हणाली, तू आराम कर, आम्ही जाऊन येतो.

आम्ही. मी फोन ठेवला आणि बराच वेळ विक्स लावत बसले. त्या मॅडमच्या गाडीत, काचा लावून, एसी लावून दोघी पाहणीला. एसीत बसून पांदण कशी कळते? संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. मी उचलला नाही. रात्री आला, तेव्हा नवऱ्याला सांगितलं की झोपली म्हणून सांगा. त्यानं माझ्याकडे बघून, माझ्याच समोर, झोपली आहे असं फोनवर सांगितलं. बिचाऱ्याला खोटं बोलायची सवय आहे, माझ्याच तालमीत तयार झालाय.

शनिवारी नाक मोकळं झालं आणि मी एकटीच स्कूटर काढली. मनाशी म्हटलं, या दोघींनी चिंध्या कुठून आणल्या असणार? चिंध्या तर माझ्या घरी, माझ्या पेटीत. मॅडम मोबाइलवरचा नकाशा दाखवतील आणि मागचे लोक धानाच्या बांध्यांत हरवतील. आपण जाऊन वाट बांधून ठेवू. मैत्रिणीला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आणि मला तिच्याकडून ऐकायचं नव्हतं.

गावाबाहेर मोहाच्या मोठ्या झाडाजवळ वाट फुटते. उजवीकडची तलावाकडे जाते, डावीकडची कालव्याच्या कडेनं. कालव्याची वाट माझी जुनी. नोकरीत असताना शेजारच्या गावातल्या शाळेत मी तिकडूनच जायची. मी डावीकडे पिवळी चिंधी बांधली आणि पुढे प्रत्येक वळणावर बांधत गेले. उजवीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मध्ये एका नालीवरची फरशी वाहून गेली होती आणि कोणीतरी आडवं लाकूड टाकलं होतं. मी चपला हातात घेऊन ओलांडली. जमलं. घरी येताना मी गाणं म्हणत होते.

रविवारी सगळे मोहाच्या झाडाजवळ उतरले आणि थांबले. डावीकडे माझी पिवळी चिंधी होती, आणि उजवीकडे, वाट सुरू होते तिथल्या बाभळीवर, एक हिरवी. नव्या ओढणीची दिसत होती, काठ टिपलेली. चिंधीलाही काठ टिपणारी बाई ग्रुपमध्ये एकच होती.

सगळे हसले. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, आता सिग्नल कोणता मानायचा? मॅडम माझ्याजवळ आल्या आणि हात धरून म्हणाल्या, “अहो, तुम्हीही येऊन गेलात का? सांगायचं ना, एकत्र आलो असतो.” त्यांच्या आवाजात एवढासाही टोमणा नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. मी हात सोडवून घेतला आणि सगळ्यांना सांगितलं की डावीकडे चला. चार वर्षं माझ्या सांगण्यावर चालत आलेली माणसं डावीकडे वळूही लागली.

माझी मैत्रीण मात्र पिवळ्या चिंधीजवळ उभी होती. तिनं ती बोटांत धरून पाहिली. कोणत्या लुगड्याची आहे ते तिला माहीत होतं, तिच्या मुलीच्या लग्नात मी तेच नेसले होते.

“नालीवरची फरशी हाय काय अजून?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, ओलांडता येते.

“तुले येते. पाहून कोणासंगं आली वं?”

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांदेखत चिंधीची गाठ सोडायला लागली. मी पोस्टातल्या गठ्ठ्यांसारखी घट्ट गाठ मारायला तिच्याकडूनच शिकले होते, त्यामुळे सुटायला वेळ लागला. कोणी हसलं नाही. मला वाटलं, कोणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं.

“मांगची लोकं चुकतीन,” ती म्हणाली. “एकच ठेवा लागते.”

आम्ही उजवीकडे गेलो. मी सगळ्यांत शेवटी चालले, कोणाला तोंड दाखवायची इच्छा नव्हती. आणि वाट चांगली होती, हे मला सांगावं लागतंय. पाळीवर सावली होती, उतार सोपा होता, मध्ये बसायला पारही होता. हिरव्या चिंध्या अगदी डोळ्यांच्या उंचीवर, म्हाताऱ्या माणसाला मान वर न करता दिसतील अशा. मी त्या एकेक सोडत आले. शेवटी चालणाऱ्याचं ते काम असतं, आणि नियम माझाच होता. तलावाजवळ मैत्रिणीच्या चुलतभावाच्या शेतात गोवऱ्यांवर भाजलेले पानगे आणि वांग्याची भाजी तयार होती. चार वर्षं आम्ही पाहणी केली, पण जेवणाचं कधी तिच्या डोक्यात आलं नव्हतं. किंवा आलं असलं तरी मला सांगितलं नव्हतं. लोक बोटं चाटत होते, आणि रेल्वेवाले काका म्हणाले की आजच्यासारखी वाट आजवर झाली नाही. मी दोन पानगे खाल्ले. तिसराही हवा होता, पण घेतला नाही.

नंतरचे बरेच दिवस मी बागेतल्या चकरांनाही गेले नाही. गल्लीत मॅडमची गाडी मैत्रिणीच्या दारात थांबलेली दिसली की मी खिडकी लावून घ्यायची आणि मग फटीतून बघायची. एकदा दोघी संक्रांतीच्या बाजाराला निघालेल्या दिसल्या. मैत्रिणीनं नवी शाल पांघरली होती. ती शाल कोणी दिली असेल याचा मी दिवसभर विचार केला. या वयात हे असं होईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. नवऱ्याच्या बाबतीतसुद्धा माझा कधी असा जळफळाट झाला नाही, आणि तो तरणेपणी दिसायला बरा होता.

मग एका बुधवारी मैत्रीण स्वतः घरी आली. उद्या मौद्याकडे पाहणीला जाऊन राहिलो, तू येशील काय, असं तिनं दारातूनच विचारलं. कशात, म्हणून मी विचारलं. गाडीत, असं ती म्हणाली. मला नाही म्हणायचं होतं. पण मी नाही म्हटलं असतं तर त्या दोघी गेल्याच असत्या, आणि मी पुन्हा खिडकीच्या फटीतून बघत बसले असते. मी हो म्हटलं.

मी मागे बसले. पुढे त्या दोघी. मॅडम वाट विचारायच्या आणि मी तोंड उघडायच्या आत मैत्रीण सांगायची, आता डाव्या हाताला, पुढं नहर लागते. लांबवर वीज केंद्राची धुराडी दिसायला लागली. मॅडमनी मला दोनदा विचारलं की एसी कमी करू का. मी दोनदा नको म्हटलं. पाठीमागून मला मैत्रिणीच्या मानेवरचा केसांचा पांढरा अंबाडा तेवढा दिसत होता.

एका गावात मॅडम गाडी थांबवून उतरल्या आणि एका घरी बायांची सोय होईल का ते विचारायला गेल्या. गाडीत आम्ही दोघीच राहिलो, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. मी इतके दिवस घोळवून ठेवलेलं सगळं विसरले आणि सरळ विचारलं, “तुले माह्यासंगं यायचा कंटाळा आला होता काय?”

ती मागे वळली नाही.

“तुह्या गाडीवर बसून आली का मले खाटेवरून उठता येत नोहतं,” ती म्हणाली. “पह्यल्या वर्सापासून. तुले सांगतलं असतं तं तू नेनंच बंद केलं असतं. अन् मले यायचं होतं.”

तेवढ्यात मॅडम त्या घराच्या फाटकातून हात करून आम्हाला बोलवायला लागल्या. मैत्रिणीनं दार उघडलं. आधी एक पाय बाहेर टाकला. मग दाराची कड धरून थांबली, श्वास घेतला, आणि कमरेवर हात देऊन दुसरा पाय काढला. चार वर्षं ती माझ्या पाठीमागे उतरायची. मी स्कूटर स्टॅण्डला लावून, हेल्मेट काढून वळेपर्यंत ती पदर नीट करून उभी असायची आणि चल म्हणायची.

मी घाईघाईनं माझं दार उघडून तिच्या बाजूला गेले. पण मॅडम फाटकातून परत आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, आणि तिनं तो न बघता, सवयीनं धरला.