बडवलेल्या गोऱ्ह्याची कालवड

नातवंडांनो, तुमच्यातल्या थोरलीचे रंगूनहून पत्र आले. शरीरशास्त्राच्या पुस्तकातले पुरुषाच्या जननसंस्थेचे प्रकरण शाळेत बाईंनी गाळले, म्हणून तिने ते मला विचारले आहे. विचारले ते बरे केले. मला ते पुस्तकाच्या आधी गोठ्यात कळले होते, आणि ते पाहिलेले माणूस घरात आता मी एकटीच आहे.

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अमेरिकेत लढाई चालू होती, म्हणून आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अंजनगावाहून अमरावतीकडे गाड्यांची रांग लागे, आणि बैल पुरत नसत. गावाने दिसेल तो गोऱ्हा बडवून, म्हणजे खच्ची करून, गाडीला जुंपला. वळू एकही उरला नाही. गाई भाकड राहू लागल्या.

आत्याची गाय त्यांतलीच. आत्या सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, तेव्हा आजीने ती गाय तिला दिली होती. घरात तिचे म्हणावे असे तेवढेच. वडील म्हणाले, चैत्रापर्यंत गाभण राहिली नाही तर विकू, कडबा बैलांनाच पुरत नाही. आणि त्याच आठवड्यात त्यांनी घरचा शेवटचा गोऱ्हाही बडवायला काढला.

बडवणारा म्हातारा होता. गोऱ्ह्याला पाडून, वृषणांच्या वरची शीर दोन काठ्यांत धरून त्याने ती ठेचली. कातडी फाटली नाही. जाताना म्हणाला, महिनाभर याला गाईजवळ सोडू नका.

"काहून?" आत्याने विचारले.

"घाना बंद केला, बाई. पन डब्यात तेल हाय अजून."

वडील हसले. आत्या हसली नाही.

तेराव्या दिवशी, गोऱ्ह्याची सूज नुकतीच उतरली असताना, गाय माजावर आली. घरची सगळी वेचणीला गेली होती. भर दुपारी आत्याने दोघांची दावी सोडली. संध्याकाळी तिने ते स्वतःच सांगून टाकले.

"अक्का, बडवलेल्या बैलाचं वासरू पाह्यलं काय कोनं?" वडील म्हणाले.

"पाह्यजो आता."

तो मार्गशीर्ष होता. गाय पुन्हा माजावर आली नाही. चैत्र आला आणि गेला, वडिलांनी बाजाराचे नाव काढले नाही. भाद्रपदात कालवड झाली. कपाळावर गोऱ्ह्यासारखाच पांढरा पट्टा होता, त्यामुळे शेजाऱ्यांनाही बोलायला जागा उरली नाही.

पुढे अकोल्याला तुमच्या आजोबांजवळ इंग्रजी शिकले, तेव्हा गुरांच्या वैद्यकाच्या पुस्तकात म्हाताऱ्याचेच म्हणणे सापडले. बीज वृषणांत तयार होते. ते मागच्या वेटोळ्याच्या नळीत साठते, दुसऱ्या लांब नळीने वर चढते, आणि वाटेतल्या ग्रंथींचा रस मिसळून वीर्य म्हणून बाहेर पडते. शीर ठेचली की वृषणांचा रक्तपुरवठा तुटतो, ते सुकतात, नवे बीज होत नाही. पण ठेचलेल्या जागेच्या पुढे गेलेले बीज काही दिवस जिवंत राहते. पुरुषाची रचनाही अशीच आहे.

आत्याची गाय तिच्याच दावणीला म्हातारी होऊन मेली. त्या कालवडीच्या वंशातल्या दोन गाई आज गावच्या गोठ्यात आहेत. त्यांतली एक दुभती आहे.