दत्ता परबचं नाक

काही माणसांचे किस्से मुद्दाम सांगावे लागत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की लोणच्याच्या आधी तेच बाहेर पडतात! ऐंशीच्या दशकात साकीनाक्याच्या आमच्या अगरबत्तीच्या कारखान्यात असा मान एकाच माणसाचा होता, पॅकिंगमधल्या दत्ता परबचा. खरं तर त्याच्या नाकाचा. मी तिथलं स्टोअर सांभाळायचो. जाड चष्म्यामुळे सगळे मला मास्तर म्हणत.

*

पहिल्यांदा नाक मोडलं कबड्डीत. चारकोपला तेव्हा बिल्डिंगा कमी आणि मैदानं जास्त. दत्ता चढाईला गेला आणि समोरच्याचा गुडघा थेट नाकावर बसला. शर्ट लालभडक झाला, तरी हा रांगत रांगत मधली रेषा शिवून आला.

डॉक्टरांनी विचारलं, "काय झालं?"

"एक पॉइंट मिळाला!"

*

दुसऱ्यांदा मोडलं ते माझ्यामुळे. कारखान्याची सहल मढला निघाली होती. वर्सोव्याला होडीत चढताना माझा चष्मा पडला. तो उचलायला दत्ता वाकला, मीही वाकलो, आणि उठताना माझं डोकं त्याच्या नाकावर! असा आवाज झाला की होडीवालाही वळून बघायला लागला. याच्या नाकातून रक्ताची धार, आणि हा मलाच विचारतोय, "मास्तर, तुमच्या डोक्याक लागला नाय मां?"

त्यानंतर त्याचं नाक डावीकडे झुकलं आणि वास येणं बंदच झालं. मला ते आतून खात राहिलं. तो मात्र एकदाही त्याबद्दल बोलला नाही.

*

मुलगी बघायला गेला तेव्हा कुणी काही विचारायच्या आत यानेच सांगून टाकलं, "नाक दोनदा मोडलंय. आधीच सांगतो."

चहाचा ट्रे ठेवत सुमन म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यांची सरळ आहेत. पण सतत मुरडलेली!"

लग्न ठरलं.

*

अगरबत्तीच्या कारखान्यात वास न येणारा माणूस म्हणजे वाटच लागायची! सुट्या काड्या सगळ्या सारख्याच काळ्या. मोगरा कुठली आणि केवडा कुठली हे पॅकिंगवाले हुंगूनच ओळखायचे. एकदा मुलुंडचा एक दुकानदार केवड्याची पाकिटं घेऊन तणतणत आला. आत सगळा मोगरा! ती चूक मी कशीबशी माझ्या अंगावर घेतली.

दत्ताच्या शेजारी कुसुमताई बसायच्या, त्याच्या आईच्या वयाच्या. दुसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येक जुडीला रंगीत दोरा बांधायला लागल्या. गुलाबाला लाल, मोगऱ्याला पांढरा, केवड्याला पिवळा. एक दिवस शेठनी विचारलंच, "हे दोरे कशाला?"

"नजर लागू नये म्हणून," कुसुमताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शेठनी स्वतः सात रंगांची रिळं आणून कुसुमताईंपुढे ठेवली. "कमी पडायला नकोत!"

*

मग दत्ताला मुलगी झाली. बारशाला पाळण्याभोवती बायकांची ही गर्दी. जी ती बाळाला उचलायची, टाळूला नाक टेकवायची आणि डोळे मिटून म्हणायची, "काय गोड वास येतो गं!" दत्तानेही उचललं, नाक टेकवलं, डोळे मिटले. मग गुपचूप तिला परत पाळण्यात ठेवलं.

सोमवारी तो स्टोअरमध्ये आला. "मास्तर, तिचो वास कसो येता वो?"

"दुधाचा... थोडा तेलाचा, धुरीचा..." मी चाचपडलो.

"तसो नाय. तिचो स्वतःचो."

मी चष्मा काढून पुसायला लागलो. कुणाच्या डोक्याची करणी ही, ते मला चांगलं ठाऊक होतं.

*

शेवटी मीच त्याला घाटकोपरच्या एका नाकाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, "आतलं हाड वाकडं झालंय. ऑपरेशनने श्वास मोकळा होईल. वासाची गॅरंटी नाही."

मग महिनाभर डबा खाताना तोच विषय. चढाईला न घाबरणारा दत्ता सुईला टरकायचा! एक म्हणे, "चाललंय ना झकास, कशाला हात लावतोस यार?" दुसरा म्हणे, "हिरो व्हायचंय काय रे?" तो हसायचा आणि अर्धा डबा तसाच बंद करायचा.

"एवढं करून नाहीच आला तर?" त्याने घरी सुमनला विचारलं.

"तर मी रोज सांगत जाईन," ती म्हणाली, "आज कसा येतोय ते."

दुसऱ्या दिवशी त्याने रजेचा अर्ज दिला.

*

ऑपरेशन झालं. नाकात कोंबलेल्या पट्ट्या काढल्या त्या दिवशी सुमन बाळाला घेऊन आली. त्याने टाळूला नाक लावलं. बराच वेळ लावून ठेवलं. मग नुसती नकारार्थी मान हलवली. आम्हाला कुणाला त्याच्याकडे बघवेना. डॉक्टर म्हणाले, "सूज उतरू दे."

एक आठवडा गेला, दोन गेले. तिसऱ्या रविवारी मी आणि कुसुमताई त्याच्या घरी गेलो. सुमन आत चहा टाकत होती. दत्ता पोरीला मांडीवर घेऊन आमच्याशी गप्पा मारत होता. बोलता बोलता एकदम थांबला. तिला उचलून त्याने तिची टाळू हुंगली, मग मान, मग पाठ, मग आणखी खाली. त्याचे डोळे भरून आले.

"सुमन!" तो ओरडला. "हिने शी केलीय!"

सुमन लंगोट घेऊन धावत आली. तिने हात पुढे केले.

त्याने पोरीला छातीशी घट्ट धरलं. "थांब गं. पाच मिनिटं राहू दे."