गठ्ठा पडला, मी नाही

गावंडे पाणी प्यायचे तेसुद्धा सांगून. "ताई, पाणी पिऊन राह्यलो हो!" अशी आधी वर्दी यायची, मग घटाघट आवाज, मग पेला टेबलावर आपटायचा आणि शेवटी समाधानानं "पेलो!" असा निकाल लागायचा. खाली चहाला जाताना "जाऊन राह्यलो", आल्यावर "आलो बाप्पा", चष्मा सापडला नाही तर "चष्मा गेला", आणि तो कपाळावरच सापडला की "हा काय, इथंच बसला बेटा!" पहिल्या आठवड्यात मला वाटलं, माणूस हौशी आहे. दुसऱ्या आठवड्यात मी कापसाचे बोळे आणले.

नारायण पेठेत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. शाळेच्या मुलांची गाईडं काढणारं लहानसं प्रकाशन. एका खोलीत दोन टेबलं, एक माझं, एक गावंड्यांचं. मी संपादक, म्हणजे प्रश्नांची उत्तरं तपासायची, चुका काढायच्या. ते रवानगी बघायचे, म्हणजे गावोगावच्या दुकानदारांकडून मागणी घ्यायची आणि गठ्ठे बांधून पाठवायचे. सगळं जग व्हॉट्सॅपवर मागणी घेत असताना हे गृहस्थ फोन उचलून "हॅलो परभणी! सातवी गणित किती?" असं ओरडत, जणू परभणीला ते खिडकीतूनच हाक मारत होते. "लिहून घ्या ना," मी एकदा म्हटलं. "लिहिण्यात माणूस दिसत नाही ताई," ते म्हणाले, आणि पुन्हा "हॅलो, हिंगोली!"

ते मूळचे यवतमाळकडचे, वीस वर्षं पुण्यात राहूनही बोली तिकडचीच. मी पेठेतच जन्मलेली आणि जात्याच खवट. आमच्यात शब्द जपून वापरतात, आणि वापरलेच तर समोरच्याला लागतील असे. गावंड्यांना ते लागायचेच नाहीत. "तुम्ही मनात काही ठेवत नाही का हो?" असं मी विचारलं तर म्हणाले, "मनात ठेवून कोणाले दिसते?"

गठ्ठ्यांचं तर वेगळंच. रचलेल्या गठ्ठ्यातला एखादा धाडकन खाली आला, की मी दचकून मान वर करायच्या आत तिकडून आवाज येणारच: "गठ्ठा पडला हो ताई, मी नाही!" आणि वर स्वतःच हसणार. दिवसातून दोनदा तरी हे व्हायचं. पाच वर्षांत मी एकदाही हसले नाही.

दुपारी एकला डबा उघडायच्या आधी ते घरी फोन लावायचे. तो फोन म्हणजे माझ्या डोक्याला रोजचा ताप. "भेंडी उघडली. वरून कूट दिसून राह्यला. बाहेर ऊन आहे, पिवळं. खिडकीत कबुतर बसलं, एकच आहे आज. ताई पेन झटकून राह्यल्या, शाई संपली वाटते." बायकोला कबुतर सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या पेनाचीही बातमी जाते म्हटल्यावर मी संतापून चहाला निघून जायची.

माणूस वाईट नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. थंडीत मंडईतून तुरीच्या ओल्या शेंगा आणायचे आणि अर्ध्या माझ्या टेबलावर ओतायचे. "उकडा, मीठ टाका, काही करू नका दुसरं." शेंगा मी घरी न्यायची, उकडायची, आवडीनं खायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाळाला आठ्या घालून बसायची.

शेवटी मी पेठेतला माणूस करतो तेच केलं. पाटी लावली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात: "येथे काम चालते. ज्यांना बोलल्यावाचून राहवत नाही त्यांनी मनातल्या मनात बोलावे." पाटी लावून जागेवर येऊन बसते तोच गावंड्यांनी ती खणखणीत आवाजात पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली. मग म्हणाले, "झकास झाली बाप्पा! अक्षर काय सुंदर आहे ताईचं." पाटी कोणासाठी आहे हे त्यांना कळलं नसेल असं नाही. कळलं असूनही अक्षराचं कौतुक केलं, याचाच मला जास्त राग आला. त्याच रागात मी मालकांना दोन ओळींचा अर्ज दिला: एकाच खोलीत संपादन आणि रवानगी शक्य नाही, योग्य ती व्यवस्था व्हावी.

मालकांनी व्यवस्था केली. मागची गठ्ठ्यांची खोली अर्धी रिकामी करून गावंड्यांचं टेबल तिकडे हलवलं. मधलं दार बंद ठेवायचं ठरलं. सामान उचलताना ते माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "तुमच्या डोक्याले तरास झाला असंन," ते म्हणाले. "मले आधी सांगाचं ना ताई." मी पाटी लावून सांगितलंच होतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते म्हणाले, "ही पाटी नेऊ का तिकडे? चांगली आहे." आणि ती काढून स्वतःच्या टेबलाच्या वर लावली.

त्यानंतर दोन महिने मला दारापलीकडून पुसट आवाज यायचा. पाणी, चहा, चष्मा, हिंगोली. गठ्ठा पडला तर दाराच्या फटीतून "मी नाही!" एवढंच ऐकू यायचं. माझं काम दुप्पट वेगानं होऊ लागलं, आणि ते मी घरी मोठ्या तोंडानं सांगत होते.

शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस होते. आठवीच्या भूगोलाची मुद्रितं तपासायला माझ्यापुढे होती. सव्वाबाराच्या सुमाराला पलीकडे धाडकन आवाज झाला. मी मान वर केली आणि सवयीनं थांबले. पलीकडून काहीच आलं नाही. "गठ्ठा पडला" नाही, हसणं नाही. तेव्हा मला काय वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, ते इथे लिहिते. मला वाटलं, शिकले बाई एकदाचे. आणि मी मान खाली घालून वाचू लागले. सव्वा तासात मी दोन प्रकरणं संपवली. इतकं चांगलं काम माझ्या हातून त्या ऑफिसात कधी झालं नव्हतं.

दीडला ऑफिसचा फोन वाजला. एक बाई होत्या. "गावंडे आहेत का? मी त्यायची मिसेस. एकला फोन येते रोज, आज आला नाही."

"आत आहेत," मी म्हटलं. "कामात असतील. आज अगदी शांत आहेत."

"शांत?" पलीकडचा आवाज बदलला. "ते शांत नाही राहात ताई. झोपेतबी बोलतात. जरा पाहा ना. फोन ठेवू नका, तसंच पाहा."

मी दार उघडलं. गावंडे टेबल आणि गठ्ठ्यांच्या मध्ये जमिनीवर पडले होते. डोळे उघडे होते, ओठ एका बाजूनं हलत होते, पण आवाज येत नव्हता. भिंतीवर त्यांच्या बरोबर वर माझ्या सुंदर अक्षरातली पाटी होती.

मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला, उजवी बाजू आणि वाचा गेली. "तासभर आधी आणलं असतं तर बरं झालं असतं," डॉक्टर मालकांना म्हणाले. मी शेजारीच उभी होते. तो तास कुठे गेला हे फक्त मला ठाऊक होतं.

दवाखान्यात मी फारशी थांबले नाही, तोंड दाखवायची लाज वाटत होती. ते घरी आल्यावर महिन्याभरानं मी त्यांना भेटायला गेले. खडकवासल्याच्या रस्त्याला, एका चाळवजा इमारतीत दोन खोल्या. त्यांच्या पत्नीनं, सुमनताईंनी, दार उघडलं. मी चपला काढून मुकाट्यानं खुर्चीवर बसले. त्या समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून म्हणाल्या, "बसा ना ताई, उभ्या कायले?" तेव्हा मला कळलं की त्यांना दिसत नाही.

पाच वर्षं एका खोलीत बसून मी त्या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं की घरी कोण असतं, कसं असतं.

"बारा वर्षं झाले डोळे जाऊन," सुमनताई सांगत होत्या. "साखरेनं गेले. आधी लय भेव वाटे. घरात माणूस आहे का नाही, समजेच नाही. हे पहिले लय अबोल होते बरं. लग्नात चार शब्द बोलले नाहीत, माझी आई म्हणे मुका आहे का पोरगा. मी एक दिवस रडली, म्हटलं, तुमी घरात असून मले एकटं वाटते. तवापासून बोलू लागले. पाणी पेतो, बसतो, उठतो, सगळं सांगत. मंग सवयच लागली त्यायले."

पलंगावरून टिक टिक आवाज आला. गावंडे डाव्या हातातल्या चमच्यानं वाटीवर वाजवत होते. "हो, हो, आहे मी इथंच," सुमनताई तिकडे वळून म्हणाल्या. मग मला, "आता असं सांगतात." ते माझ्याकडे बघत होते. मला पाहून त्यांनी दोनदा वाजवलं आणि अर्ध्या तोंडानं हसले. मला रडू आवरलं नाही. निदान हे तरी सुमनताईंना दिसणार नाही असं वाटलं, पण त्यांनी हात पुढे करून माझं मनगट शोधलं.

सात महिने ती वाटी वाजत होती. मी रविवारी जायची, दारातूनच सांगायला शिकले होते: "मी आले. चपला काढतेय. डाव्या खुर्चीवर बसतेय." गावंडे वाटी वाजवून दाद द्यायचे. थंडी सुरू झाली तशी मी मंडईतून तुरीच्या शेंगा नेल्या, उकडून, मीठ टाकून. त्यांनी दोन दाणे खाल्ले. त्याच आठवड्यात ते गेले.

सुमनताईंचा भाऊ त्यांना यवतमाळला न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. भाऊ सामान बांधायला दोरी आणायला बाहेर गेला होता. आम्ही दोघीच होतो. त्या एकदम म्हणाल्या, "ताई, ते पडले त्या दिवशी काही आवाज झाला होता का हो?"

नाही म्हणणं सोपं होतं. माझा चेहराही त्यांना दिसत नव्हता.

"झाला होता," मी म्हटलं. "मी ऐकला. मला वाटलं गठ्ठा पडला. ते काही बोलले नाहीत म्हणून मला बरं वाटलं. मी उठले नाही सुमनताई. तुमचा फोन येईपर्यंत उठले नाही."

त्या गप्प झाल्या. मान खाली, हात मांडीवर. त्या रागावल्या होत्या, रडत होत्या की मी तिथे आहे हेच विसरल्या होत्या, मला काही कळेना. डोळे असून कळेना. त्या दहा-वीस क्षणांत मला त्यांचं बारा वर्षांपूर्वीचं भय समजलं.

"मले वाटे," अखेर त्या म्हणाल्या, "ते पडले तवा कोणालेच ऐकू गेलं नसंन." मग स्वतःशीच, "ऐकू गेलं होतं म्हणजे."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही माफी मागितली नाही. मी उठले.

"निघतेय," मी म्हटलं. "चपला घालतेय. जिन्यात आले. दार ओढून घेतेय."

"हो," आतून आवाज आला, "ऐकून राह्यली."