पायाळूची आई

माझी मुलगी पायाळू आहे. म्हणजे पोटात तिचं डोकं वर आणि पाय खाली होते. ती फिरलीच नाही, शेवटी सिझर करावं लागलं. माझ्या दृष्टीने विषय तिथेच संपला. पण पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की उसण उतरते, असं शहापूरपासून मुरबाडपर्यंत, म्हणजे माझ्या सासरपासून माहेरपर्यंत, सगळे धरून चालतात. त्यामुळे विषय संपेना.

बारशालाच बायकांत जुंपली.

"सिझरमधी कसली गो पायाळू? पोट कापून काढली तिला."

"आत तर उभीच होती ना? मंग?"

सासूबाईंनी निकाल दिला, "आमची बाय पायाळूच हाय." तेव्हापासून वीज कडाडली की त्या आधी नातीला घरात ओढतात. पायाळूवर वीज पडते म्हणे.

मी तेव्हा टाक्यांनी बेजार होते, नाहीतर बारशातच भाषण ठोकलं असतं. आमचा गट आरोग्याच्या हक्कासाठी काम करतो आणि पत्रकं मी लिहिते. लग्नाआधी धसईच्या बाजारात, तांदूळ आणि भाजीच्या गर्दीत उभी राहून मी जे पहिलं पत्रक वाटलं ते याच विषयावर होतं. "दुखणं अंगावर काढू नका! पायाळूच्या पायाने नव्हे, उपचाराने बरे व्हा! उपचार हा तुमचा हक्क आहे!" त्यातला एकही शब्द मी आज मागे घेत नाही. फक्त "बरे व्हा" लिहिताना मला जे सोपं वाटलं होतं, ते आता वाटत नाही.

लेक रांगायला लागली तेव्हा माझी कंबर गेली. सकाळी डोळे उघडतात, कंबर उघडत नाही. कुशीवर वळायचं तर आधी मनाची तयारी, मग गुडघा, मग कोपर, आणि मध्येच पाठीच्या अगदी खाली, खोल आत, पहार घातल्यासारखी कळ. नवरा पहिल्या पाळीला कारखान्यात गेलेला असतो. बाजूला लेक जागी होऊन बसलेली. ती हात वर करायची, मी तिच्याकडे बघत पडून राहायचे.

आणि दुपारी? दुपारी मी चालते! घोषणा देते, वाड्यावस्त्यांवर फिरते. हेच तर कळत नाही. आमच्या गटातला एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "सकाळची मीटिंग असली की हिची कंबर धरते, मोर्चा निघाला की सुटते. कंबरेला राजकारण बरोबर कळतं." सगळे हसले. मी त्याला तिथल्या तिथे झापलं. पण घरी येताना एसटीत डोक्यात तेच घोळत राहिलं. खरंच मी ढोंग तर करत नाही ना? ढोंग करणाऱ्याला ते कळतं का?

कारणं सांगायला तर रांगच लागली. सासूबाई म्हणाल्या, सिझरच्या वेळी पाठीत सुई दिली त्याचं आहे. आई म्हणाली, बाळंतपणात शेक नीट घेतला नाहीस. एका डॉक्टरने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "बायकांना असतंच. कॅल्शियम घ्या, आराम करा." बायकांना असतंच! हे वाक्य कुठल्या पुस्तकात शिकवतात? तरी मी आराम केला. जितका आराम केला तितकी आखडले. शेवटी कल्याणला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, फोटो काढले आणि म्हणाल्या, कमरेच्या सांध्यांचा संधिवात आहे, तो तरुणपणीच सुरू होतो, पडून राहाल तर आखडेल, हलत राहा. संधिवात? मला वाटायचं तो म्हाताऱ्यांना होतो.

मला राग आला, पण राग कोणावर काढायचा ते कळेना. पाणी मिळालं नाही, गोळ्या मिळाल्या नाहीत, तर मला माहीत आहे कोणाच्या दारात बसायचं. इथे माझंच शरीर माझ्या सांध्यांवर उठलंय म्हणे. याच्यावर मोर्चा कुठे न्यायचा? गोळ्या सुरू झाल्या. काही सकाळी फरक पडतो, काही सकाळी नाही. का, ते मला सांगता येत नाही.

एवढ्यात लेकीने हात वर करणं सोडलं. ती आता तीन वर्षांची आहे. प्लॅस्टिकचं स्टूल फरफटत आणते, त्यावर चढते, आणि माझ्या छातीशी आली की म्हणते, "आता घे." मला वाकावं लागू नये म्हणून. तिला हे कोणी शिकवलं नाही. मी खूश व्हावं की रडावं?

परवा शेजारची आजी वाकलेलीच आमच्या ओटीवर आली. लाकडाचा भारा उतरवताना उसण भरली होती. पालथी पडून म्हणाली, "बाय, पाय लाव गो."

मी आडवी आले. "आजी, तिच्या पायात काय नाय. चला दवाखान्यात, मी नेते तुमाला."

"तुझ्या डॉक्टरनं तुला तरी बरी केली का? रोज सकाळी खेकड्यावानी चालते. दवा घरात नि ही जाते कल्याणला!"

सासूबाई म्हणाल्या, "आत्ये, त्यापरास हिचं पत्रकच लावा कंबरेला." मलाही हसू आलं. चहा टाकायला आत गेले तेवढ्यात पाय लागला. आजी आली होती तशीच वाकून परत गेली आणि जाताना म्हणाली, "उतरली बघ जराशी."

लेक हे सगळं डोळे मोठे करून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. गादी जराशी दबली आणि कमरेवर, बरोबर दुखतं तिथे, एक छोटा गरम पाय आला. "बाय पाय लावते. आई बरी." मग उठले, भिंत धरून चालले, हातपाय हलवले, आणि दुपारपर्यंत रोजच्यासारखी कंबर सुटली. मी लेकीला उचलून घेतलं. ती माझ्या कानात ओरडली, "मी बरी केली!"

सासूबाईंनी ते ओटीवरून सगळ्या आळीला ऐकवलं. मी सांगत होते, "अहो, दुपारी ती रोजच सुटते, हा आजारच तसा हाय." बायका "हो हो" म्हणाल्या. खरं बोलत होते, आणि माझं मलाच ते लंगडं वाटत होतं.

पण आळीचं मी बघून घेईन. मला भीती होती ती उद्याच्या सकाळची. उद्या मी परत आखडलेली असणार. मग ती आपल्या पायाबद्दल काय समजेल? पायाने बरं वाटलं म्हणाले, तर यापुढे माझी प्रत्येक वाईट सकाळ तिच्या माथी. काहीच होत नाही म्हणाले, तर माझ्यासाठी तिला जे एक करता येतं तेही काढून घ्यायचं? नवऱ्याला सांगितलं.

"म्हण ना बरं वाटलं. एवढ्याश्या पोरीशी काय वाद घालतेस?"

"आणि नाय वाटलं तर?"

तो डोकं खाजवत बसला.

सकाळ झाली. कंबर दगड. लेक आली, भिंतीला हात टेकवला, पाय ठेवला, थांबली.

"झाली बरी?"

मी म्हणाले, "नाय गो बाय. नाय झाली."

मग एक पाय काढून तिने दुसरा ठेवला. "पाय चुकला?"

हेच, हेच मला ऐकायचं नव्हतं. मी तशीच, कळ सोसत, तिच्याकडे वळले. "पाय नाय चुकला. माझ्या कंबरेला आजार हाय. तो तुझ्या पायानं आला नाय नि तुझ्या पायानं जाणार पण नाय. गोळी घ्यायची, हलायचं."

"मग नको लावू?"

इथे मी काय बोलायला हवं होतं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. पत्रकात याला जागा नाही.

"लाव," मी म्हणाले आणि परत भिंतीकडे वळले. "बरं नाय होत. पण गरम लागतो. छान वाटतं."

ती थोडा वेळ पाय ठेवून उभी राहिली, मग कंटाळली. उतरली. थोड्याच वेळात फरशीवरून स्टूल फरफटण्याचा आवाज आला. मी कोपरावर उठले, मग गुडघ्यावर, मग भिंत धरून उभी राहिले. खोलीच्या त्या टोकाला ती स्टुलावर चढून माझी वाट बघत होती.

"हळू ये," ती म्हणाली.