शेठच्या नावाचा विद्यार्थी

उल्हासनगरच्या कॉलेजात मी संध्याकाळी बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा करत होतो. अंबरनाथच्या फॅक्टरीत साहेबांनी बजावलं होतं, डिप्लोमा नसेल तर प्रमोशन विसरा. म्हणून ड्यूटी सुटली की धापा टाकत वर्ग गाठायचो.

माझ्या बाकावर चाळिशीचा एक गृहस्थ बसायचा. हजेरीला ताठ उभा राहून ‘प्रेझेंट सर’ म्हणायचा. मग चपला काढायचा, हाताची उशी करायचा आणि पंख्याखाली गाढ झोपायचा. एवढ्या निष्ठेने शिकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा सरांनी डेलिगेशन शिकवलं. आपलं काम दुसऱ्याकडून करून घेणं, हीच म्हणे खरी मॅनेजमेंट. मी ते ठळक अक्षरात उतरवून घेतलं. शेजारी घोरणं चालू होतं.

वर्ग सुटला तसा त्याचा मोबाइल वाजला. तो दचकून उठला आणि म्हणाला, "हां शेठ, लागली तुमची हजेरी."

"कोणाची हजेरी?" मी विचारलं.

"शेठची. इथंच उल्हासनगरात, कॅम्प पाचला जीन्सचा कारखाना हाय त्यांचा. मी तिथं कापड कापतो."

"आणि परीक्षा?"

"परीक्षेला शेठचा मेव्हणा बसतो. शिकलेला हाय तो."

माझं डोकंच फिरलं. "अहो, आम्ही दिवसभर राबून इथे स्वतः येतो!"

त्याने शांतपणे चपला घातल्या. माझ्या घामेजल्या शर्टाकडे, डब्याच्या पिशवीकडे पाहून तो मनापासून हळहळला.

"का? तुमच्याकडं पाठवायला कोण नाय?"