नऊशे एकोणनव्वद, बारा, पस्तीस

माझ्या नाकावर राग असतो, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. खरं आहे ते. पण त्याच रागाने एकदा घरात अख्खा कॉम्प्युटर आणला, हे कोणी सांगत नाही. म्हणून मीच सांगते.

आमच्या भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. जिल्हा अर्धा झाला तशा नोकऱ्याही अर्ध्या झाल्या, असं मोठी माणसं म्हणायची. लगेच पुढे हेही म्हणायची की आता कॉम्प्युटर शिकल्याशिवाय कोणी उभं करत नाही. बारावी झाल्यावर बाबांनी मला शहापूरच्या एका क्लासमध्ये घातलं. हायवेला लागून, टायरच्या दुकानावरची एक खोली. मशीन चार, शिकणारे बावीस, त्यात मुली तिघी. दिवसाला अर्धा तास प्रॅक्टिस मिळायची आणि तीही जोडीने. जोडीतला मुलगा कीबोर्ड पुढे ओढून बसायचा, आम्ही बघायचं. दोन महिने मी दुसऱ्यांची बोटं बघत होते आणि आतून धुमसत होते.

सरांच्या टेबलाखाली एक जुनं मशीन पडलेलं असायचं. कुठल्याशा लिलावातून त्यांनी ते आणलं होतं. पिवळं पडलेलं, त्यावर पाय ठेवून सर वर्तमानपत्र वाचायचे. एक दिवस मी म्हटलं, "सर, हे खालचं मशीन प्रॅक्टिसले द्या न आम्हाले."

"मेलं आहे ते."

"मंग मले द्या."

पोरं हसली. सरही हसले, आणि त्यांनी खण उघडून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत पाच फ्लॉप्या आणि एक झेरॉक्सचं पातळ पुस्तक. "मशीनसोबत हा गेम आला होता. भुयाराचा. मी पंधरा दिवस डोकं फोडलं, लागला नाही. तू घरी ने आणि लावून दाखव, आवाजासकट. दसऱ्यापर्यंत लावला तं मशीन कायमचं तुझं. नाही लागला तं टायपिंगच्या बॅचले बस. मुलींसाठी तेच बरं असते."

शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. त्यांना तोटा झाला तो त्या वाक्याने झाला, असं माझं आजही मत आहे.

बाबा राईस मिलमध्ये हमाल होते. पोळ्याच्या सुमारास मिलमध्ये माल संपत आलेला असतो, काम कमी असतं. दुसऱ्या दिवशी ते दोन रिकामी बारदानं घेऊन क्लासखाली उभे राहिले. मशीनचा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधला, मॉनिटर बारदानात गुंडाळून खांद्यावर घेतला. आमचं गाव तिथून चार किलोमीटर. मी सायकल ढकलत मागून सारखी सांगत होते, "बाबा, नाजूक माल आहे."

"तांदूळ काय कमी नाजूक असते? कणी झाली का भाव जाते," बाबा म्हणाले आणि त्याच चालीने चालत राहिले.

घरी मशीन लावलं तर काळ्या पडद्यावर इंग्रजीची एकच ओळ. डिक्शनरी घेऊन अर्थ लावला: त्याला स्वतःची हार्ड डिस्कच सापडत नव्हती. मी झाकण उघडलं. आत धूळ, झुरळाची अंडी आणि एक फुटलेली, हिरवं पाणी सुटलेली बॅटरी. बॅटरी मेली म्हणून वीज गेली किंवा खटका बंद केला की मशीन सगळं विसरायचं, पोटात काय आहे तेही. ते आठवण करून द्यायला तीन आकडे लागायचे. हार्ड डिस्कच्या अंगावर पुसट चिठ्ठी होती, तिथून टॉर्चच्या उजेडात मी ते वाचून काढले. नऊशे एकोणनव्वद, बारा, पस्तीस. सुरू करताना हे टाकले की मशीन शहाण्यासारखं चालायचं. तशी बॅटरी भंडाऱ्यात दोन दुकानांत विचारली, मिळाली नाही. आणि भारनियमन तर रोजचं. वीज दुपारी दोनदा जायची, मी दोनदा तेच आकडे टाकायची. पाणी भरताना, भांडी घासताना तोंडात तेच.

"कोणता मंत्र म्हणून राहिली वं?" आईने विचारलं.

"मशीन जिवंत करायचा," मी म्हटलं. तिला ते पटलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही.

आता गेम चढवायचा. पाच फ्लॉप्या एकामागून एक घालायच्या. पहिल्या दिवशी तीन झाल्या आणि वीज गेली. दुसऱ्या दिवशी बघते तर टेबलावर फ्लॉप्या नाहीत. मी घर डोक्यावर घेतलं. आई शांतपणे उठली आणि धानाच्या ढोलीत, त्या सारवलेल्या बांबूच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून तिने एकेक फ्लॉपी बाहेर काढली. हवा ओली होती, टेबलावर बुरशी धरेल म्हणून तिने त्या धानात पुरल्या होत्या. आमच्याकडे बी-बियाणं, आगपेट्या, औषधाच्या गोळ्या, कोरडं राहायला हवं ते सगळं ढोलीत जातं. तिचं काही चुकलं नव्हतं. पण चौथ्या फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवली तर आतून कोंडा पडला.

मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तीही डोळ्याला पदर न लावता उठली, पेटी उघडली आणि कोशाच्या रेशमी कापडाचा एक जुना तुकडा माझ्यापुढे टाकला. ती आंधळगावची. लग्नाआधी ती तिथे कोशाचं सूत गुंडाळायला जायची, तेव्हाचा तो तुकडा. "ह्याच्यानं पूस. ह्याच्यानं ओरखडा पडत नाही," ती म्हणाली. आतली काळी चकती मी बोटभर फिरवायची, पुसायची, फुंकायची, पुन्हा फिरवायची. सात वेळा मशीनने फ्लॉपी परत केली. आठव्यांदा घरघर करत वाचली. आईला सॉरी म्हणायचं मला तेव्हा सुचलं नाही. तो तुकडा मात्र मी परत दिला नाही.

पाचवी झाली आणि मला वाटलं, जिंकले. गेम सुरू केला. पडद्यावर ओळ आली: जागा पुरत नाही.

इथेच सर अडकले होते, हे मला लगेच कळलं. गोष्ट अशी की त्या काळच्या मशीनमध्ये सहाशे चाळीस कप्प्यांची एकच मोठी खोली असायची. गेमला सहाशे रिकामे हवे होते, आणि माझ्याकडे होते पाचशे एकाहत्तर. बाकीच्यांवर माऊस, आवाजाचं कार्ड, कीबोर्ड, डिस्क अशी किरकोळ बिऱ्हाडं बसलेली. त्यांना हलवायला वर एक छोटा माळा होता, पण एकेकाला वर पाठवलं की शेवटी एक मोठं उरायचं आणि ते धाडकन खालीच बसायचं. क्लासच्या जाड पुस्तकातली दोन पानं मी वहीत उतरवून आणली होती. त्यात माळ्यावर कसं चढवायचं ते होतं, पण सगळं मावत का नाही ते मला त्यात दिसलं नाही. आठ दिवस मी ओळी खाली-वर केल्या. दसरा आला पंधरा दिवसांवर. दसऱ्याला आमचं घर पांढरे कपडे घालून नागपूरला दीक्षाभूमीवर जातं. मी सांगून टाकलं की गेम लागल्याशिवाय मी येणार नाही. आईने कपाळाला हात लावला.

एका दुपारी वीज नव्हती. मी कोळशाने मधल्या भिंतीवर माळ्याचे चौकोन काढून बसले होते. बाबा जेवून उठले, समोर उकिडवे बसले.

"हे काय होय?"

"माळा."

"आणि चढवायचं काय काय आहे?"

मी चारही नावं आणि त्यांच्या जागा लिहून दाखवल्या. बाबांना वाचता येत नव्हतं, आकडे मात्र चोख यायचे. मिलमध्ये पोत्यांची थप्पी लावून झाली की तिच्यावरचा आकडा तेच लिहायचे. त्यांनी एकेका चौकोनावर बोट टेकवलं.

"मोठं शेवटी काहून ठेवलं?"

"ते मावत नाही, म्हणून शेवटी."

"म्हणूनच मावत नाही," बाबा म्हणाले. "पोते पहिले लाव, मंग लहान कट्टे. कट्टे पहिले लावशीन तं पोत्याले जागा कोठून भेटन? आणि पाह्य, पोतं चढवताना जागा जास्त लागते. पाठीवरून वळवा लागते न त्याले. एकदा बसलं का मंग आंग चोरते."

मी वही ओढली. मोठं सामान सुरू होताना आधी जास्त जागा मागतं आणि बसल्यावर कमी घेतं, हे त्या जाड पुस्तकाच्या एका बारीक टिपेत होतं आणि मी ते वहीत उतरवूनही वाचलं नव्हतं. चार वाजता वीज आली. नऊशे एकोणनव्वद, बारा, पस्तीस. सगळ्यात मोठं सगळ्यात आधी. सहाशे बारा कप्पे रिकामे झाले आणि मी इतक्या जोरात ओरडले की शेजारची गाय दावं तोडायला लागली.

आवाज राहिला होता. कार्डाचा नंबर पाच टाकला की मशीन गोठून बसायचं. सात टाकला. पडद्यावर दगडी भुयार उघडलं, भिंतीवर एक मशाल, आणि डब्यातून आवाज आला: टप. टप. टप.

आई स्वयंपाकघरातून गंज, म्हणजे पातेलं, घेऊन धावत आली आणि वर छपराच्या कवेलूंकडे बघायला लागली. "कुठी टपकून राहिलं वं?"

मी हसले, बाबा हसले, आणि मग कळल्यावर आईही पदर तोंडाला लावून हसली. गंज हातातच. त्या घरात तिघं एकदम हसलो असे फार थोडे दिवस मला आठवतात.

दसऱ्याला चार दिवस होते. बाबांनी पुन्हा बारदानं काढली, पुन्हा चार किलोमीटर. क्लासमध्ये मी मशीन लावलं, सर फोनवर बोलत होते तेवढ्यात आकडे टाकले, आणि गेम सुरू केला. पोरांनी गराडा घातला. चार योद्धे भुयारात उतरले, पाणी टपकलं, कुठेतरी लोखंडी दार करकरलं. सर फोन ठेवून आले. पहिलं भुयार मी त्यांच्यासमोर ओलांडलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "बढिया. आता हे कामाचं मशीन झालं. राहू दे इथंच, बॅचले लागते."

"सर, तुम्ही म्हटलं होतं."

"म्हटलं होतं ते मेलेल्या मशीनबद्दल. आणि शिकवलं कोणी तुले? मीच न?" मग दाराकडे बघून ते बाबांना म्हणाले, "काका, पोरगी हुशार आहे तुमची. लक्ष द्या तिच्याकडं."

बाबा दारात रिकामं बारदान धरून उभे होते. मशीन घरी न्यायला आणलेलं. त्यांनी त्याची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि काखेत धरली. त्या घड्या मला अजून दिसतात. मला इतका राग आला होता की रडूही आलं नाही. मी खटका बंद केला, सरांना नमस्कार केला आणि जिना उतरले.

आकडे सरांनी विचारले नाहीत. मी सांगितले नाहीत.

नागपूरला मी गेले. परत आले तर क्लासमधून निरोप आलेला होता. मशीन पुन्हा मेलं होतं. झाकण उघडून चिठ्ठी बघितली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पण सर झाकण कधी उघडत नसत. त्यासाठी ते नागपूरहून माणूस बोलवायचे. मी बाबांना म्हटलं, "बारदानं घ्या."

सर खुर्चीवर बसले होते, भोवती पोरं. "काय करून ठेवलं तू? सांग, कसं चालू होते?"

"मशीन घरी पोचलं का सांगीन."

खोलीत कोणी हसलं नाही. सरांनी एकदा माझ्याकडे, एकदा बाबांकडे बघितलं. बाबा आत आले, मॉनिटरजवळ बारदान पसरलं आणि पोतं उचलण्याआधी घेतात तसा दम घेतला. त्यांनी परवानगी मागितली नाही. सर म्हणाले, "न्या." कबूल केलं होतं ते त्यांनी पाळलं, हेही सांगायला हवं.

वाटेत बाबांनी विचारलं, "ते आकडे कोणते होय?" मी सांगितले. त्यांनी दोनदा म्हणून बघितले.

त्या मशीनवर मी जे शिकले त्यावर पुढच्या वर्षी नागपूरला नोकरी लागली. मशीन घरीच राहिलं. मला वाटलं, आता त्यावर आई पापड वाळत घालेल. तीन महिन्यांनी न सांगता घरी आले तर अंगणातच ऐकू आलं: टप. टप. टप. बाबा पडद्यासमोर उकिडवे बसले होते. खेळत नव्हते. नुसती मशाल जळत होती आणि ते बघत होते.

"बंद ठेवलं का जाम होते," ते ओशाळून म्हणाले. "म्हणून रोज लावतो थोडं. तू आली का तुले चालू पाह्यजे."

मी विचारलं, आकडे लक्षात कसे राहिले. त्यांनी दाराच्या चौकटीशेजारच्या भिंतीकडे बोट केलं. थप्पीवर लिहितात तसे तीन आकडे कोळशाने लिहिले होते, ठसठशीत. मशीन आता चालत नाही, बाबाही नाहीत. घराला दरवर्षी चुना लागतो, आणि तेवढी वीतभर जागा आई सोडून देते.