धरलेल्या खुर्च्या

गेक नोई आँटीने उभी हयात शाळेच्या कँटीनमध्ये नूडल्स विकण्यात घालवली. त्यामुळे माणूस दिसला की त्याला रांगेत उभं करावं, नाहीतर खुर्चीत बसवावं, या दोनच गोष्टी तिला सुचत. कँटीन सुटलं तशी रांग गेली. खुर्च्या मात्र तिने पैदा केल्या. तोआ पायोह वस्तीतल्या त्या जुन्या इमारतीतून कोणी घर सोडून निघालं, की सामानाच्या ट्रकआधी गेक नोई हजर. "ही खुर्ची नव्या घरात शोभणार नाही हो तुमच्या," असं ती इतक्या मायेने सांगे, की माणूस ओशाळून खुर्ची तिथेच सोडून जाई. वेताच्या, प्लास्टिकच्या, एक तर चक्क दातांच्या दवाखान्यातली, अशा नाना घराण्यांच्या खुर्च्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, खांबांच्या मधोमध गोल मांडलेल्या असत. मलाय लग्नाचा मांडव उभारला की त्या एका खांबाला सरकत, चिनी मयताचा उभारला की दुसऱ्याला. दुसऱ्या दिवशी पुन्हा जागेवर.

रोज सकाळी गेक नोई प्रत्येक खुर्चीवर टिश्यूचं एकेक पाकीट ठेवी. जागा धरायची म्हणजे टिश्यू ठेवायचा, हे या गावात पाळण्यातलं पोरही जाणतं. दोन खुर्च्यांवर तर कोणीच बसत नसे. एकीचा धनी वारला होता, दुसरीची मालकीण लेकीकडे मलाक्क्याला गेली होती. पण पाकीट त्यांच्यावरही पडे. "आली परत तर काय उभी राहील?" असं नोईचं म्हणणं. वारलेल्याबद्दल ती काही बोलत नसे.

आणि एका दुपारी अँब्युलन्स आली.

तिसऱ्या मजल्यावरून स्ट्रेचर खाली उतरलं. वर एक अनोळखी, दाढी वाढलेला माणूस. न्हाणीघरात पडला होता आणि आदल्या दिवसापासून तसाच पडून होता. नळ चालू राहिल्याने पाणी दाराखालून बाहेर आलं, म्हणून शेजाऱ्याला कळलं.

गेक नोईच्या हातातला कोपीचा, म्हणजे इथल्या कडक कॉफीचा, पेला तसाच राहिला. "हा कोण?"

या इमारतीतल्या पिंजऱ्यांतल्या बुलबुलांचीसुद्धा नावं तिला पाठ होती. आणि बरोबर आपल्या डोक्यावर राहणारा माणूस कोण, हे तिला ठाऊक नव्हतं!

"अगं, तो बसथांब्यावरचा," निवृत्त पोस्टमन शिवलिंगम म्हणाला. "रोज संध्याकाळी तिथे बसतो. बस येते, जाते. हा चढत नाही."

"आणि तू मला आज सांगतोयस?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल. तुला सगळंच माहीत असतं."

शिवलिंगमचा टोमणा नोईला वर्मी लागला. दुसऱ्या दिवशी ती माशाची पेज घेऊन इस्पितळात गेली. पेज निमित्ताला, खरं तर ती त्याला झापायलाच निघाली होती. सोबतीला दुसऱ्या मजल्यावरची झालेहा होती.

माणसाचं नाव थिआन हॉक. बायको गेल्यावर मोठं घर विकून इथे आला होता, त्यालाही वर्ष होत आलं होतं. मुलगा परदेशात, पर्थला.

"खाली एवढ्या खुर्च्या मांडल्यात," नोईने पेजेचा डबा उघडता उघडता तोंड सोडलं, "त्या काय चावतात? बसथांब्यावर कसला बसतोस?"

"आलो होतो की," तो हळूच म्हणाला. "रोज यायचो. पण सगळ्या खुर्च्या धरलेल्या."

"कोणी धरल्यात?"

"टिश्यू होते, आँटी. प्रत्येकीवर. दुसऱ्याच्या टिश्यूवर कसं बसायचं? दोन रिकाम्या दिसायच्या, म्हटलं येतील कोणी. खांबापाशी थोडा वेळ थांबायचो, मग जायचो."

झालेहाला फस्सकन हसू आलं आणि तिथेच थिजलं. नोईचा चमचा हवेत.

"खांबापाशी?" तिने विचारलं. "निळी टोपी?"

"हो. तुम्ही मला मीटर वाचणारा समजून म्हणालात, मीटर पलीकडच्या भिंतीला आहे."

गेक नोईने चमचा डब्यात ठेवला. ज्या खुर्च्यांचा तिला इतका अभिमान होता, त्यांनी वर्षभर एका माणसाला उभं ठेवलं होतं. पाकिटं तिची, हात तिचे. कोणावर ओरडावं, हेच तिला सुचेना. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच होत होतं.

तेवढ्यात इस्पितळाची समाजसेविका आली. तिने समजावून सांगितलं: एकट्या घरी पाठवता येणार नाही. लक्ष ठेवणारं कोणी नसेल, तर वृद्धाश्रमात सोय करावी लागेल.

तिने अर्ज उघडून विचारलं:

"कोणी आहे का, हे दिसले नाहीत तर ज्याच्या लक्षात येईल?"

"आम्ही," नोई म्हणाली.

"आपलं नातं?"

"हा आमच्या डोक्यावर राहतो."

"माफ करा, पण तुम्हाला कळणार कसं?"

"बाई, हजारभर पोरांतलं कोणतं उपाशी आहे ते मला कळायचं. सकाळी हा खाली आला नाही, तर मी वर जाईन."

समाजसेविकेने थिआन हॉककडे पाहिलं. "तुम्हाला चालेल?"

"मला बोलायची सवय राहिलेली नाही," तो म्हणाला.

"तिथे तुला बोलायला देणार कोण आहे?" झालेहा म्हणाली. तो पहिल्यांदा हसला, आणि मान हलवली.

थिआन हॉक परतला त्या दिवसापासून पाकिटं ठेवणं बंद झालं. आणि बोलायची सवय नसलेल्या त्या माणसाने पहिल्याच दिवशी खुर्च्यांची दिशा चुकली आहे, नोईच्या बार्लीच्या सरबतात साखर कमी आहे आणि शिवलिंगमला पत्ते येत नाहीत, असे तीन निकाल दिले.

मग एका सकाळी तो आला नाही.

लिफ्ट वर कुठेतरी अडकली होती. गेक नोई आपल्या दुखऱ्या गुडघ्यांनिशी जिना चढली आणि दोन्ही मुठींनी दार बडवू लागली. दार उघडलं. तोंडात ब्रश, दाढीला फेस.

"आँटी, अजून नीट उजाडलंसुद्धा नाही!"

"मग उशिरा येणार हे सांगायचं नाही होय, मेल्या!" ती धापा टाकत ओरडली आणि उंबऱ्यावर टेकणार, तोच त्याने आतून खुर्ची ओढून आणली.

नोई बसली. श्वास जागेवर आल्यावर तिने आत नजर टाकली. टेबल होतं, पंखा होता, बायकोचा फोटो होता. खुर्ची मात्र दुसरी नव्हती; तो भिंतीला टेकून उभ्यानेच तोंड पुसत होता.

"चल आटप," ती उठत म्हणाली. "झालेहाने भात आणलाय. आणि निवणार असेल, तर तो तुझ्यामुळे."